हॉट चॉकलेट पिणारा पाहुणा

आज सौसरला माझ्या भाचीला पाहायला नागपूरचा मुलगा आईला घेऊन आला होता. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून तुम्हाला सांगून राहिली.

थंडी होती, तर पोरीनं चहाऐवजी हॉट चॉकलेट केलं. कोको पावडर अन् साखर थोड्या गरम दुधात घोटली, एक गुठळी राहू दिली नाही. मग ते उकळत्या दुधात टाकून ढवळत राहिली.

मुलगा म्हणजे मोठे साहेब! त्यांनी घोट घेतला अन् म्हणाले, "खरं हॉट चॉकलेट कॅफेतलं असते. इकडं गावात कोणाला समजते?"

त्याची आई म्हणाली, "शिकवून घेऊ आम्ही तिला."

एवढं बोलूनही त्या मुलानं कप चाटूनपुसून रिकामा केला आणि आणखी मागितलं. लाज नावाची गोष्ट नाही.

भाची शांतपणे म्हणाली, "आता कॅफेतच घ्या. मला हे लग्न नाही करायचं."

तिचे बाबा चिडतील म्हणून मी घाबरली. ते उठले अन् पाहुण्यांना म्हणाले, "नागपूरची बस लागली असेल. चला, स्टँडवर सोडून देतो."

आता नातेवाईक फोन करकरून पोरीलाच उद्धट म्हणून राहिले. त्या मुलाला साधा चहा तरी करता येते काय, हे मात्र एकानंही विचारलं नाही. तुमच्या घरी कोणी विचारते काय?