दगडाची पाठ, दगडाचं पोट

"सर, दगडालाबी पाठ-पोट असतंय," असं म्हणत मामा उचललेला दगड पाण्यात होता तसाच परत ठेवायचे. शेवाळलेली पाठ वर, गुळगुळीत पोट खाली.

तुम्ही कॉलेजात शिकला असाल तर असे एखादे मामा तुम्हीही पाहिले असतील. आमचे मामा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते, मूळचे पैठणचे, मासे धरणाऱ्या घरातले. बाटल्यांवरची इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नसत. पण शिकवताना मी चुकीची बाटली उचलली की ते मागून हळूच खोकायचे. त्या खोकल्यानं पोरांसमोर माझी अब्रू किती वेळा वाचवली, ते मलाच ठाऊक.

खुलताबादच्या बाजूच्या एका ओढ्यातला तो मासा त्यांनीच मला दाखवला. बोटाएवढा, मिशाळ. छातीखालच्या वळ्यांनी दगडाच्या पोटाला असा चिकटतो की पाण्याची धारही त्याला हलवत नाही. मी हरखून वही काढली.

"लिहा की. पण वढ्याचं नाव नका लिहू, सर. लोकं लई वाईट असतेत."

"अहो मामा, आमचे लेख वाचतंय कोण!" मी हसलो.

लेखात मी ओढा लिहिला, पूल लिहिला, पुलाखालचं वळणसुद्धा लिहिलं. नेमकेपणाचं कौतुक झालं. मला ते आवडलंही.

वर्षभरानं प्रयोगशाळेसाठी जाळी घ्यायला आम्ही दोघं गुलमंडीजवळच्या एका दुकानात गेलो. तिथं काचेच्या टाकीत तेच मासे. कुठून आणले विचारलं, तर दुकानदार खुशीत म्हणाला, "खुलताबाद से, सर. किसी प्रोफेसर ने पूरा पता छाप दिया ना!"

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चला सर, तास हाय तुमचा," एवढंच म्हणाले. चारचौघांत ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी न राहवून मी ओढ्यावर गेलो. मामा आधीच आलेले. वळणावरचे सगळे दगड उलटेपालटे पडले होते, आणि गुडघाभर पाण्यात वाकून मामा एकेक सरळ करत होते.

"मासे येतील का हो परत?"

"म्हाईत नाय. आले तर घर तं पायजे."

मी काठावर बूट घालून उभा राहिलो. पाण्यात उतरलो नाही, माफीही मागितली नाही. उद्या मागू असं मनाशी म्हणत राहिलो, आणि मग एक दिवस मामाच वारले.

आता दर पावसाळ्यानंतर मी बूट काढून त्या पाण्यात उतरतो. मासा अजून दिसलेला नाही. दगड उचलतो, खाली बघतो, परत ठेवतो. कधी शेवाळ धुऊन गेलेलं असतं, पाठ कुठली ते कळत नाही. मग अंदाजानं ठेवतो आणि थोडा वेळ तसाच वाकून थांबतो. मागून कुणी खोकत नाही.