पगाराआधीचा महिना

नोकरीचं पत्र आलं तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. वाळूजच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा होती. लग्नाआधीपासून मी असंच काम तीन वर्षं केलं होतं, मग बाळंतपणात ते सुटलं. पत्रात लिहिलं होतं, पाच तारखेला रुजू व्हा. हातात अकरा दिवस होते.

नवरा फर्दापूरला पर्यटकांच्या एका हॉटेलात कामाला. आठवड्यातून एकदा घरी यायचा. सासूबाई गंगापूरला. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना घटकाभरही घर सोडता येत नव्हतं. म्हणजे मुलीला पाळणाघरात ठेवल्याशिवाय नोकरी होणार नव्हती, हे पत्र वाचतानाच माहीत होतं.

गारखेड्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक पाळणाघर होतं. चालवणाऱ्या काकू साठीच्या. तळमजल्यावर दोन खोल्या, भिंतीला लागून छोट्या गाद्या, दाराला आडवी लाकडी फळी. मी गेले तेव्हा सात-आठ मुलं वरणभात खात होती आणि दोन बायका त्यांची तोंडं पुसत होत्या. जागा मला पाहताक्षणी आवडली. काकूंनी सांगितलं, "महिन्याचे पाच हजार. एक महिना आगाऊ, एक महिन्याचं डिपॉझिट आणि प्रवेशाचे दोन हजार. सगळं पहिल्या दिवसाच्या आत."

बारा हजार. आमच्याकडे त्या वेळी साडेचार होते. नवऱ्याच्या पगारातून घरभाडं आणि सासऱ्यांची औषधं गेली की उरायचं ते एवढंच. आणि माझा पहिला पगार रुजू झाल्याच्या पुढच्या महिन्यात, सात तारखेला. कमवायला सुरुवात करायची तर आधी पैसे लागतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"काकू, पगार झाल्यावर दिले तर?"

"नाही जमणार ताई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण पुढं बोलायला जागाही नव्हती.

घरी आल्यावर कंपनीत फोन लावला आणि पगारातून उचल मिळेल का विचारलं. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की पहिले सहा महिने तशी सोय नाही. रुजू व्हायची तारीख पुढं ढकलता येईल का, तर तेही नाही. दुसरा उमेदवार तयार होता.

नवऱ्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे मग या वेळी. पोरगी शाळेत जायला लागली की बघू. तोवर मी काहीतरी वाढवून मागतो."

"तोवर मला कोण घेणार?" मी म्हणाले. "आत्ताच मुलाखतीत विचारलं, मधली दोन वर्षं काय करत होता. अजून दोन वर्षांनी काय सांगू?"

"मग काय करायचं म्हणतीस?"

"माहीत नाही. पण नोकरी सोडायची नाही, एवढं ठरलंय."

खरं तर ते तोपर्यंत ठरलं नव्हतं. बोलता बोलता ठरलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मुस्लिम कुटुंब राहायचं. भाऊंचं शहागंजात कापडाचं दुकान. भाभींची थोरली मुलगी नुकतीच अकरावी सायन्सला गेली होती. जिन्यात भेटल्या की भाभी तिच्या केमिस्ट्रीबद्दल हमखास काळजी करायच्या. मी बीएस्सी केमिस्ट्री. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला कडेवर घेतलं आणि त्यांचं दार वाजवलं.

शिकवणीचं ऐकून भाभी खूश झाल्या. महिन्याचे पंधराशे, संध्याकाळी सात ते आठ, त्यांच्याच घरी, तेही कबूल. मग मी अवघड वाक्य उच्चारलं. "भाभी, दोन महिन्यांचे आधी मिळाले तर बरं होईल."

त्यांचा चेहरा बदलला. "दो महिने का पहले? क्यूं भाभी? और बाद में तुमकु नौकरी से टाइम नहीं मिला तो?"

मला एकदम काकू आठवल्या. मी काल त्यांच्या दारात उभी होते, आज भाभी माझ्यासमोर होत्या, आणि दोघी एकच विचारत होत्या. उद्या तू आली नाहीस तर? विश्वास ठेवा म्हणून सांगण्यापलीकडे माझ्याकडे काय होतं?

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "आज एक तास शिकवते, पैसे नकोत. तुमच्या मुलीला पटलं तर पुढचं बोलू."

त्या संध्याकाळी मी मोल शिकवला, अणू-रेणू मोजायचं माप. अकरावीत बहुतेक पोरं तिथंच अडतात. साधं सांगितलं, डझन म्हणजे बारा, तसाच मोल म्हणजे एक ठरलेला आकडा, फक्त लई मोठा. माझी मुलगी सतरंजीवर बसून त्यांच्या मुलीचं खोडरबर चावत होती. तीन वेळा ते तिच्या तोंडातून काढलं. चौथ्यांदा भाभींनी तिला उचलून आत नेलं आणि खारी खायला दिली. तास संपेपर्यंत त्यांच्या मुलीनं दोन गणितं स्वतः सोडवली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा मी सलग तासभर केमिस्ट्री बोलले होते. घसा दुखत होता आणि मला फार बरं वाटत होतं.

निघताना भाभींनी पंधराशे रुपये हातात ठेवले. "एक महिने का अभी लो. दुसरा पंद्रह दिन के बाद. ठीक है ना मॅडम?"

दुपारी मी त्यांची भाभी होते, आता मॅडम झाले. मी हो म्हणाले.

तरी बारा हजार झाले नव्हतेच. सहा झाले होते. पण आता माझ्याकडे मांडायला काहीतरी होतं. एका कागदावर मी लिहून काढलं: पहिल्या महिन्याचे पाच हजार आज, प्रवेशाचे दोन हजार वीस तारखेला, डिपॉझिट त्यापुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. खाली सही केली, सोबत नोकरीच्या पत्राची झेरॉक्स जोडली आणि मुलीला घेऊन पाळणाघरात गेले.

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. "तुला वाटत असेल, ही बाई पैशाला लई कडक आहे," त्या म्हणाल्या. ताईवरून त्या अगं-तुगंवर आल्या होत्या. "गेल्या वर्षी एक जोडपं होतं. चांगलं शिकलेलं. दोन महिने देतो देतो म्हणाले आणि एक दिवस बदली होऊन गेले. फोनही घेईनात. या दोघींना पगार मी माझ्या पेन्शनीतून दिला. त्यांना एक तारखेला पैसे लागतात. त्यांचीही पोरं आहेत."

"म्हणूनच लिहून आणलंय काकू. मी उद्या पळाले तर हा कागद माझ्या कंपनीत नेऊन दाखवा."

त्या हसल्या नाहीत. पेन मागितला. दहा तारीख खोडून आठ केली. "पगार सातला ना? मग दहा कशाला? पगार हातात राहिला की वाटा फुटतात." आणि खाली त्यांनीही सही केली. मग म्हणाल्या, "उद्यापासून रोज दोन तास आणून सोड हिला. त्याचे पैसे नकोत. एकदम पाच तारखेला सोडलीस तर दोघी रडाल."

तरी पाच तारखेला ती रडलीच. सकाळी सात वाजता फळीवर दोन्ही हात ठेवून तिनं जो आवाज काढला, तो मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. कंपनीची बस सव्वासातला चौकात यायची. मी मागं वळले नाही. वळले असते तर बस गेली असती. बसमध्ये शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

तो महिना कठीण गेला. सहाला घरी, सातला खाली शिकवणी, आठनंतर स्वयंपाक. मुलगी दिवसभर माझ्याविना असायची आणि संध्याकाळी माझा तासही दुसऱ्या मुलीचा असायचा. भाभींच्या घरी ती मांडीत येऊन वही ओढायची, तेव्हा वाटायचं, आपण करतोय ते बरोबर आहे ना? एकदा तिला ताप आला. नवरा फर्दापूरहून सुट्टी काढून आला आणि दोन दिवस तिच्याजवळ राहिला. जाताना म्हणाला, "मी उगाच राहू दे म्हणालो होतो." मला बरं वाटलं एवढं खरं.

वीस तारखेला भाभींच्या दुसऱ्या पंधराशेत घरातले पाचशे घालून प्रवेशाचे पैसे दिले. सात तारखेला मोबाइलवर पगार जमा झाल्याचा मेसेज आला. सुरुवातीचे चार दिवस कापून आला होता. मी प्रयोगशाळेत हातमोजे घालून उभी होते. हातमोजे काढून मेसेज दोनदा वाचला, परत घातले आणि नमुना तपासायला घेतला.

आठ तारखेला संध्याकाळी डिपॉझिट दिलं. काकूंनी पावती फाडली आणि विचारलं, "शिकवणी आता बंद करणार का?"

"नाही. भाभींच्या ओळखीच्या अजून दोघी यायच्यात."

"मग त्या तासाला हिला इथंच ठेव की. मी आठपर्यंत असतेच."

"त्याचे किती?" मी विचारलं.

काकूंनी जरा विचार केला. "पाचशे. आगाऊ."

दोघीही हसलो. मी पर्समधून पाचशेची नोट काढली, मग परत ठेवली. नको म्हणाले. शिकवणीचा तास मी आमच्या घरी घेतला तर मुलगी तिच्या खेळण्यांत बसेल आणि निदान डोळ्यासमोर राहील. काकूंना ते पटलं. फळी सरकवून त्यांनी मुलीला माझ्याकडे दिलं. तिच्या अंगाला शिऱ्याचा वास येत होता. एका पायात बूट होता, दुसरा कुठं गेला ते कुणालाच सापडेना, म्हणून तिला कडेवर घेऊनच मी घरी निघाले.