पाळण्याला मालक असतो का?

मंडळी, बारशाला म्हणतात तो पाळणा कुणाच्या मालकीचा असतो? मला खरंच सांगता येत नाही.

भाचीच्या बारशाची छोटी क्लिप परदेशातल्या भावोजींसाठी खुल्या वेबपेजवर टाकली. सिनेमाच्या गाण्याला कॉपीराइट असतो, म्हणून इथे कानडी मुलखात, चामराजपेटेत, शेजारच्या अक्कांनी म्हटलेला पाळणाच ठेवला. जुनं गाणं, त्याला कोण मालक!

आज अक्कांना दाखवली, तर त्यांचा चेहराच उतरला.

"स्वल्प, जरा थांब गं. हे कडवं मी माझ्या लेकीसाठी रचलेलं. ती राहिली नाही. गल्लीतल्या बाळांसाठी म्हणते, जगासाठी नाही."

"मला वाटलं, पारंपरिक आहे."

"पदवीवाली ना तू? विचारायचं तरी!"

घरातली पहिली पदवी माझी, तरी कायदा काय म्हणतो ते कळेना. आवाज मात्र मी काढून टाकलाय. भावोजींना बारसं मुकंच दिसेल.