गोळ्यांसोबतचा कागद

माझा स्वभाव मुळात संशयी. ऐंशीचं दशक संपता संपता जळगावात मला या स्वभावाचा पगारही मिळायला लागला. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी धुळ्याला घरी बसलो होतो, तेवढ्यात परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका पाहणीत सहायकाची जागा निघाली. रावेर भागातल्या केळीच्या गावांत बायांच्या अंगात रक्त फार कमी असतं, म्हणून त्यांना वर्षभर लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि दर महिन्याला रक्त तपासून फरक पडतो का ते बघायचं, असं ते काम. पाहणीच्या प्रमुख एक परदेशी बाई होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, आकडा वाईट आला तर लिहून ठेव, पण चांगला आला तर आधी नळी नीट धुतली होती का ते बघ. मला बाई तिथेच आवडून गेल्या.

माझं दुसरं वेड भाषांतराचं. संध्याकाळी खोलीवर परतलो की मी एका परदेशी कादंबरीचं मराठी करत बसायचो आणि पंधरा-वीस पानं झाली की ती धुळ्याला नानांकडे पाठवायचो. नाना म्हणजे कॉलेजातले माझे मराठीचे प्राध्यापक, तेव्हा निवृत्त झालेले. इंग्रजी शब्द दिसला की त्यांच्या कपाळावर आठी यायची. पान परत यायचं तेव्हा असा प्रत्येक शब्द लाल पेन्सिलीने खोडलेला असायचा आणि समासात लिहिलेलं असायचं, ‘कोश उघडायला हात दुखतात काय?’ हात दुखत नाहीत हे दाखवण्यातच माझी चार वर्षं गेली होती.

तर गोळ्यांसोबत गावोगाव वाटायचा माहितीचा कागद बाईंनी इंग्रजीत लिहिला आणि मराठी करायला माझ्याकडे दिला. गोळ्या कशाच्या आहेत, किती घ्यायच्या, घेतल्यावर काय होईल, सगळं त्यात होतं. गोळ्यांत फेरस सल्फेट आहे, या वाक्यापाशी मी अडलो. नुसतं ‘लोह’ लिहून चाललं असतं, पण मला ते ढिसाळ वाटलं. मी कोश उघडला. अस्सल मराठी शब्द तयार होता, हिराकस. मी लिहिलं, ‘या गोळ्यांमध्ये हिराकस असून रक्ताच्या वाढीस तो उपकारक आहे.’ छापण्याआधी कागद नानांना दाखवला, तर त्यांनी हिराकस या शब्दाभोवती गोल करून शेजारी ‘वा!’ लिहिलं. त्या एका ‘वा’वर मी आठवडाभर हवेत होतो.

कागद सगळ्या गावांत गेला. प्रत्येक गावात गोळ्या वाटायला तिथलीच एक बाई नेमलेली होती. त्यांतल्या एका गावच्या अक्कांची ही गोष्ट. अक्का चाळिशीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, आवाज खणखणीत. घरोघर जाऊन गोळ्या द्यायच्या, महिनाअखेर रिकाम्या डब्या गोळा करायच्या आणि मी रक्त घ्यायला गेलो की बायांना मारुतीच्या पारावर जमवायचं, हे त्यांचं काम. ‘गोळीवाली अक्का’ म्हणून गावात त्यांना मान होता आणि त्या मानाचा त्यांना अभिमान होता. बोटातून रक्त काढून झालं की त्या मला घरी नेऊन चहा पाजायच्या.

आमच्या घरी अहिराणी. आमच्या तोंडात ‘शे’ आणि ‘बठ्ठं’. रावेरकडची बोली वेगळी, आणि ती मंडळी आपसांत भरभर बोलायला लागली की हे माझ्याबद्दलच चाललंय असं मला खुशाल वाटायचं. म्हणजे संशय घ्यायची माझी आधीपासूनच तयारी होती.

चौथ्या महिन्यात गडबड लक्षात आली. आजूबाजूच्या गावांत बायांचं रक्त हळूहळू वाढत होतं. अक्कांच्या गावात मात्र ते जागचं हलत नव्हतं. मी नळ्या बदलल्या, नवं द्रावण केलं, तेच नमुने दोनदा तपासले. आकडा तोच. आणि गंमत म्हणजे रिकाम्या डब्या सगळ्यांत व्यवस्थित परत यायच्या त्या याच गावातून. इतर ठिकाणी दोन-चार डब्या हरवलेल्या, कुणी त्यात हळद भरलेली, कुणाच्या डबीत चार गोळ्या उरलेल्या. अक्कांच्या डब्या मोजून बरोबर, वर धुऊन पुसून. माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकं चोख काम माणूस कधी करतो? कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

एकदा ठरवल्यावर पुरावे काय, चालत येतात. रावेरच्या एका औषधाच्या दुकानात मला तशाच लाल गोळ्या दिसल्या. लाल गोळ्या कुठल्याही दुकानात असतात, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात रावेरच्या स्टँडवर अक्का एसटीतून उतरताना दिसल्या, हातात जड पिशवी. मी खांबाआड उभा राहून त्या कुठे वळतात ते बघितलं. त्या बाजाराकडे वळल्या. औषधाचं दुकानही बाजाराकडेच होतं. त्यानंतरच्या खेपेला चहा घेताना त्यांच्या ओसरीवर नवं शिलाई मशीन दिसलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मशीन नवं दिसतंय.”

“भावानं देलं,” अक्का म्हणाल्या.

भावाने! मी मनात हसलो आणि चहाचा कप खाली ठेवला. चहा मात्र संपवला होता.

जळगावला येऊन मी बाईंना गुप्त पत्र लिहिलं. दोन रात्री घालवल्या त्यावर. ‘चोरी’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. रक्त, डब्या, दुकान, पिशवी, मशीन, सगळं अशा ओळीने मांडलं की वाचणाऱ्याने तो शब्द स्वतःच उच्चारावा. आजवर मी केलेल्या लिखाणात इतकं सफाईदार काही नसेल, हे लिहितानाही माझ्या लक्षात आलं होतं आणि मला बरं वाटलं होतं.

बाईंनी चौकशी केली नाही. त्यांनी जीप पाठवली आणि त्या जीपमध्ये मीही होतो. अक्कांच्या घरातलं गोळ्यांचं खोकं, डब्या, वही सगळं ड्रायव्हरने उचलून मागे ठेवलं. अक्का दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. “काय झालं भाऊ?” एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “वरून हुकूम आहे.” गल्लीतल्या बाया दारादारातून बघत होत्या. एकही बाई पुढे आली नाही, एकीनेही अक्कांची बाजू घेतली नाही. त्या शांततेचाही मी पुरावाच केला. गावाला सगळं माहीत असणार, म्हणूनच गाव गप्प आहे, असं मी परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला ऐकवलं.

पुढचे दोन महिने त्या गावात गोळ्या मी स्वतः वाटल्या. नावं विचारून, हातात डबी देऊन, सही-अंगठा घेऊन. आणि रक्त? तिथल्या तिथे.

आता चोर घरी बसलेला, गोळ्या माझ्या हातून गेलेल्या आणि आकडा तोच. साधा विचार करणाऱ्या माणसाने इथे कपाळाला हात लावला असता. मी मात्र आधी द्रावण करणाऱ्या कंपनीवर संशय घेतला, मग रक्त न्यायच्या बर्फाच्या पेटीवर, मग एसटीच्या धक्क्यांवर. स्वतःपर्यंत यायला मला बराच वेळ लागला.

त्या खेपेला एका घरी सून शेतातून यायची होती, म्हणून तिचे सासरे, आबा, मला मागच्या परसात घेऊन गेले. नहाणीच्या पाण्यावर चार केळी लावलेल्या होत्या. पानं हिरवीगार, अगदी काळपट वाटावी इतकी. आबांना कौतुक ऐकायचं होतं हे उघड होतं, म्हणून मी कौतुक केलं.

“पिवयी पडेल व्हती,” आबा म्हणाले. “आता पाहा कशी झाली! तुमच्याच गोयांची किरपा.”

मी खाली वाकून बघितलं. बुंध्यापाशी ओल्या मातीत एक लाल गोळी अर्धी विरघळून पडलेली होती.

“आबा, या गोळ्या बायांसाठी आहेत ना?”

“आता मले सांगा भाऊ,” आबांनी मला समजावणीच्या सुरात सांगितलं, “त्याच्यात हिराकस आहे ना? केय पिवयी पडली की आमी तिच्या बुडाले हिराकस टाकतो. पोत्यानं आनतो. तो बायांले खायाले कसा देऊ? एक-दोघींनी खाल्ल्या, तं परसाकडे कायं झालं. मंग सगया भेल्या. पन एवढं औषध फेकून बी देववत नही. म्हनून केयीले टाकलं, आन् रिकाम्या डब्या अक्काले देल्या. तिले सांगतलं नही.”

“हिराकस आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कागदावर लिहेल व्हतं ना. अक्कानं पारावर सगया बायांले बसवून वाचून दाखोला, पयल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. दोनदा.”

मी नहाणीच्या दगडावर बसलो. परतीच्या वाटेवर बाकीच्या गावांत थांबून मी त्या कागदाची चौकशी केली. एका ठिकाणी तो माळ्यावर गठ्ठ्याने तसाच होता, सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. दुसरीकडे त्यात शेव बांधून दिली जात होती. तिसऱ्या गावच्या बाईला असा काही कागद आल्याचंच आठवत नव्हतं. तिथल्या बाया गोळ्या बिनघोर गिळत होत्या आणि त्यांचं रक्त वाढत होतं. माझं भाषांतर सगळ्या तालुक्यात एकाच बाईने मनापासून वाचलं होतं. तिलाच मी चोर ठरवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

हिराकस पोत्यात असतो हे मला माहीत असायचं कारण नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालून बघितली. मी शाळामास्तराचा मुलगा, धुळ्याचा. मला तो कोशात भेटला होता. पण त्या भागात मी आठ महिने केळीच्या बागांमधून येत-जात होतो आणि कोणत्याही माणसाला थांबवून एक शब्द विचारता आला असता. पुढे नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा कोश काढला, पान उघडलं आणि म्हणाले, “शब्द बरोबरच आहे.”

बाईंना सांगायला मला तीन आठवडे लागले. पुढच्या शिक्षणासाठी त्यांचं शिफारसपत्र हवं होतं, हे खरं कारण. शेवटी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून लक्ष देऊन ऐकलं, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, फार छान उदाहरण आहे हे, मी लेखात घेते. आणि घेतलंही. त्या गावातल्या लोकांनी स्थानिक समजुतींमुळे गोळ्या नाकारल्या, असं एक वाक्य लेखात आलं. माझं नाव शेवटी, भाषांतरासाठी आभार म्हणून. मी अक्कांचं विचारलं. पाहणी दोन-तीन महिन्यांत संपतेय, आता नवी नेमणूक कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूने ते बरोबर होतं. पण अक्कांना नेमणूक नकोच होती. त्यांच्यावरचा डाग जायला हवा होता आणि तो लेखातून जाणार नव्हता.

म्हणून मी एकटाच एसटीने गेलो. आबांच्या ओळखीने बायांना पारावर जमवलं. अक्काही आल्या, मागे खांबाला टेकून बसल्या. मी उभा राहून सगळं सांगितलं. गोळीतला हिराकस तोच असला तरी तो माणसाला सोसेल अशा बेताने घातलेला असतो, हे सांगितलं. कागद मी लिहिला होता, तो तसा लिहायला नको होता, हे सांगितलं. अक्कांनी एकही गोळी विकली नाही, पिशवी आणि मशीन बघून त्यांच्याविरुद्ध पत्र मीच पाठवलं होतं आणि ते खोटं होतं, हेही सांगितलं. बायांनी माना खाली घातल्या. एक म्हातारी उठली आणि अक्कांजवळ जाऊन बसली. “आमालेच जीभ नव्हती ओ बाई,” ती म्हणाली. “तुया नोकरीवर येईन म्हनून बोललो नही, आन् तुयी नोकरीच गेली.”

अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

“मशीन माह्या भावानंच देलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “पिशवीत त्याच मशीनवर शिवायचा कपडा व्हता. तुमी पाच-सहा महिने माह्या घरी चहा पेले. एकदा इचारलं असतं, तं मी घरोघरी फिरून आठ दिवसांत शोधून काढलं असतं.”

मी हात जोडले. काहीतरी म्हणालो असेन, आता आठवत नाही.

“ह्या माह्याशी खोटं बोलल्या,” अक्का बायांकडे हात करून म्हणाल्या, “त्यायले भेव वाटलं म्हनून. तुमाले कोनाचं भेव व्हतं, भाऊ?”

मला कुणाचीच भीती नव्हती. पण तेवढं खरं बोलायचं त्या दिवशी माझ्याच्याने झालं नाही.