मामांच्या हाताचा अंदाज

माझे मामा फोडणी दिंडोरीत घालायचे आणि शिंका पिंपळगाव बसवंतला यायच्या. आग्रा रोडवरचे ट्रकवाले गाड्या बाजूला घेऊन नाकं शिंकरत आणि एकमेकांना विचारत, आज कुठल्या गावी लग्न आहे. मामांच्या मोठ्या कढईत एकदा म्हैस पडली होती. ती पोहत पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तिची धारेची वेळ झाली. खोटं वाटत असेल तर म्हशीच्या मालकाला विचारा. तो आता हयात नाही, त्याला माझा इलाज नाही.

सत्तर साल उलटल्यापासून पुढे दहा-बारा वर्षं मामा लग्नाचे आचारी होते आणि मी त्यांच्या वाढप्यांचा मुकादम. आईचा सख्खा भाऊ, त्यामुळे पगाराचं बोलायची सोय नव्हती. पण माझं खरं काम वाढण्याचं नव्हतंच. भात शिजायला वेळ लागला की मांडवात जायचं आणि पाहुण्यांना गोष्टी सांगून थोपवून धरायचं. म्हैस तिथेच जन्माला आली. दर लग्नाला ती थोडी लठ्ठ व्हायची. मामा चुलीपाशी बसून ऐकायचे आणि झारा आपटून म्हणायचे, "भाच्या, मागल्या वेळेला रेडा होता ना रे?"

एक गोष्ट मात्र न फुगवता सांगतो, कारण ती फुगवायची गरजच नाही. मामांकडे तराजू नव्हता, मापटं नव्हतं, चमचासुद्धा नव्हता. मीठ मुठीने, तिखट ओंजळीने. अख्ख्या गावाचं जेवण असो की घरातलं. कुणी वाटीचं प्रमाण विचारलं तर म्हणायचे, "मोजायचंच असतं तर वाण्याच्या दुकानात बसलो असतो." रस्सा उकळला की डाव्या तळहातावर थेंबभर घ्यायचे, चाटायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ सगळ्या भटारखान्याचे हात थांबायचे. पोळ्या लाटणाऱ्या बायकासुद्धा लाटणं धरून बसायच्या. मग "हां" आलं की कामं पुन्हा सुरू. मीठ कमी असेल तर वरून एक मूठ, जास्त झालं तर बटाट्याच्या फोडी. मामांचं सगळं शास्त्र एवढंच, आणि ते कधी चुकलं नाही.

एका पावसाळ्यात मामा बसले. बसले म्हणजे दिंडोरी रोडवरच्या घराच्या ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले, ते उठेनात. घडलं काहीच नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. चातुर्मासात लग्नं नसतात, आचारी तसाही रिकामा असतो, म्हणून आम्ही आधी मनावर घेतलं नाही. घेतलं ते मामीनं. मामीच्या स्वयंपाकाला रोज नावं ठेवणं हा त्या घरातला देवपूजेसारखा नेम होता, आणि तो मोडला होता. एके दिवशी ती मला दाराशी गाठून म्हणाली, "आज मी मुद्दाम आमटीत मीठच टाकलं नाय. हे जेवले अन् हात धुऊन उठले. मला भ्या वाटतं रे."

नाशकात तेव्हा मनाचे एक डॉक्टर नवीन आले होते. वर त्यांचा दवाखाना, खाली दातवाल्याचा. जिना एकच, ही पेशंटांची मोठी सोय होती. मामा म्हणाले, "कुणी इचारलं तर दाढ म्हणायचं." मी काय, विचारायची वाट थोडीच बघणार. मामांची दाढ उपटायला लोहाराचा सांडसा आणावा लागला आणि ती निघाली तेव्हा समोरच्या दुकानाची काच तडकली, असं मी दिंडोरी रोडभर सांगत सुटलो. लोक हसत. मामांना कुणी वेडा म्हटलं नाही.

डॉक्टर वयाने लहान होते, पण आवाज शांत. रोज जेवणानंतर ही गोळी. हळूहळू वाढवू. गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर धीर धरा. तोंड कोरडं पडेल. बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, कमी-जास्त करायची नाही. काही त्रास झाला तर मला येऊन सांगा, आपण काहीतरी बदल करू. मामा मान हलवत होते. मामी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती, पंगतीत तूप येण्याची वाट बघतात तशी.

आणि गुण आला. नवरात्राच्या सुमारास एका दुपारी मामांनी ताटाकडे बघून विचारलं, "हे वरण हाय का पाटाचं पाणी?" मामीनं पदर तोंडाला लावला. आधी हसली, मग रडायलाच लागली. मामांनी अजून घासही घेतला नव्हता, नुसत्या रंगाला नाव ठेवलं होतं, हे त्या आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं तुळशीचं लग्न झाल्यावर, दिंडोरीच्या पहिल्या मांडवात. रस्सा उकळला. मामांनी तळहातावर थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले. हात थांबले. "हां" येईना. मामांनी पुन्हा थेंब घेतला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "भाच्या, जरा बघ रे."

इतक्या वर्षांत त्यांनी कधी कुणाला बघायला सांगितलं नव्हतं. मी चाटलं. मीठ ठीक होतं. पण नवरीच्या बापाने ते पाहिलं होतं आणि त्याच्या कपाळावर आठी आली होती. मी म्हटलं, "गडावरच्या देवीला बोललेत मामा. यंदा पहिली चव भाच्याला." त्या भल्या माणसाने मलाच हात जोडले. परतताना टेंपोत मामा पोट धरून हसले. हसता हसता थांबले आणि म्हणाले, "जीभ म्हणजे चामडं झालंय रे. चपलेनं चव घेतोय असं वाटतं."

"डॉक्टरांना सांगू या की," मी म्हटलं.

"सांगून काय? तो म्हणंल, गोळी महत्त्वाची, भाजी नाय."

डॉक्टर असं कधी म्हणालेच नव्हते. पण मामांनी त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकलं होतं, आणि ते उत्तर मग मामांना स्वतःलाच खोडता येईना.

तेव्हापासून गोळ्या पंचांगावर चालू लागल्या. लग्नाची तिथी जवळ आली की बंद. तिथी सरली की चालू. मोठा खाडा पडला की एकीऐवजी दोन. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून मामा बोटांवर काहीतरी जुळवायचे, मसाले भातात लवंग किती टाकावी हे ठरवतात तसं. औषधाचं दुकान ओळखीचं होतं, जुन्या चिठ्ठीवर हव्या तेवढ्या गोळ्या मिळत. मामी म्हणायची, "अहो, ते औषध हाय, मीठ नव्हं."

"तुला दोन्हीतलं काय कळतं?" मामा म्हणायचे. हे पुन्हा ऐकायला मिळतंय याचंच तिला एवढं सुख होतं, की ती पुढे बोलायची नाही.

गोळी थांबली की जीभ परत यायची. बौद्ध कॉलनीतलं एक लग्न मला आठवतं. तिथे मुहूर्ताची भानगड नव्हती, रविवार धरून लग्न. जेवण झाल्यावर तिथली मंडळी चुलीपाशी येऊन काय आवडलं ते सांगायची, म्हणून मामांचा त्या मांडवांवर जीव. त्या रविवारी रस्सा असा उतरला, की एका म्हाताऱ्या मास्तरांनी पत्रावळीचा द्रोण उलटा करून त्याला भोक तर नाही ना ते पाहिलं. हे खरं आहे. मामा चुलीपलीकडून मला म्हणाले, "बघ, गोळीबिगर बी चालतंय."

चालतंय असंच दिसत होतं, फसलो तिथेच. मोठ्या कढईखालची लाकडं ओढून घेतली तरी कढई बराच वेळ खदखदत राहते. हे मामांइतकं कुणाला ठाऊक होतं? गोळी सोडली आणि दुसऱ्या दिवशी माणूस ओट्यावर जाऊन बसला असता, तर मामीनं हाताला धरून जिना चढवला असता. पण तो हसत होता, भांडत होता. आच गेलेली कुणाला दिसली नाही.

मग एक वैशाख असा आला, की तिथीला तिथी चिकटून. मामांनी गोळ्यांचा डबा उघडलाच नाही. आधी झोप गेली. मग हात कापायला लागले. वाढप्यांवर ओरडणं वाढलं, भांडी आदळू लागली. आणि एके दिवशी ओरडणं एकदम थांबलं. आम्ही म्हटलं, शांत झाले बुवा.

पिंपळगावला द्राक्षांच्या एका व्यापाऱ्याकडे लग्न होतं. भर दुपार. मांडवात एवढी माणसं, की मागचे लोक अजून घरून निघायचे होते आणि त्यांचे जोडे मांडवाच्या दारात पोचले होते. बुंदी काढायला मामा बसले. मी वळून पाहिलं तर झारा हातात तसाच, कढईतली बुंदी काळी पडलेली, आणि मामा तिच्याकडे बघताहेत. दुसऱ्या आचाऱ्याने झारा काढून घेतला. मामांनी तो देऊन टाकला. भांडले नाहीत.

मी मांडवात गेलो. म्हैस काढली. पाहुणे हसले. परत आलो तर मामा मिठाच्या पोत्याला टेकून बसले होते. मी रश्शाचा थेंब त्यांच्या तळहातावर घातला. त्यांनी चाटला.

"मामा, लागतंय का?"

"लागतंय की. मीठ बरोबर हाय. तिखट बरोबर हाय." मग त्यांनी तळहात पुसला. "सगळं लागतंय रे भाच्या. पण मला काय त्याचं?"

एवढं बोलायला नको होतं त्यांनी. मी पळी खाली ठेवली आणि पोत्यापाशी त्यांच्या शेजारी बसलो.

घरी आल्यावर मामी म्हणाली, उद्या सकाळीच डॉक्टरकडे. मामा हो म्हणाले. लगेच हो म्हणाले. धुतलेला सदरा काढून खुंटीला लावला, दाढीचं सामान खिडकीत ठेवलं. मला म्हणाले, "तू बी चल. काय कसं झालं ते नीट सांग. तुझ्या पद्धतीनं नको." मग मामीला म्हणाले, "लय दिवसाचा खाडा पडलाय. भरून काढतो आधी."

मामी भाकरी थापत होती. तिने मान वळवली तेव्हा मामांनी तळहात तोंडाशी नेला होता आणि वरून पाणी घेतलं होतं. कमी पडलं तर वरून.

पहाटे त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. छाती धडधडत होती, भान नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती गोळ्या घेतल्या. आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. त्या घरात कधी कुणी काही मोजलंच नव्हतं. मामीनं आपला तळहात पुढे केला, बोटं किंचित आत घेतली आणि त्या खळग्याकडे बघत म्हणाली, "एवढ्या."

मामा उठले नाहीत.

लोक बोलले. मुद्दाम घेतल्या म्हणाले. मामीनं ते चालू दिलं नाही. "मरायचं ज्याच्या मनात असतं तो सकाळसाठी सदरा काढून ठेवतो व्हय?" ज्याने त्याने तिच्याकडून हे ऐकून घेतलं.

ते जिन्यावरचे डॉक्टर घरी भेटायला आले. मी त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं, जीभ, तिथ्या, कॅलेंडर. ते ओट्याच्या कडेला बसून ऐकत होते. म्हणाले, "तोंड कोरडं पडतं, काम करता येत नाही, एवढंच सांगायला हवं होतं. गोळी बदलली असती. दुसरी होती." मग म्हणाले, "राहिलेल्या एकदम घ्यायच्या नसतात, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं का, ते आता मलाच आठवत नाही." मामीनं त्यांना चहा दिला. तो त्यांनी सगळा प्यायला.

तेराव्याला दिंडोरीहून एक आचारी आले, एकेकाळी मामांशी हाडवैर असलेले. त्यांनी एक पैसा घ्यायचा नाही म्हणून आधीच सांगितलं होतं. रस्सा उकळला, आणि चाखायचं कुणी, असा प्रश्न आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तळहातावर थेंब घेतला. सवयीने हात थांबले.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

आचाऱ्याने मुठीत मीठ घेतलं. दारात उभी असलेली मामी पुढे आली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "वरून नको."

त्या दिवशी सगळे तसंच जेवले. कुणी नाव ठेवलं नाही.