सातव्या आसमानावरची बोर

ज्या वर्षी बोंडअळीनं आमच्या मुकुटबनकडचा कापूस झाडावरच खाल्ला, त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. मी तेव्हा दूर तमिळनाडूत, बनियन शिवायच्या कारखान्यात होते. सुट्टी मिळणार नव्हती. आणि आमच्यात नाव ठेवायचा मान फुप्पीचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. सातव्या दिवशी जावळ काढायचं आणि फुप्पीनं बाळाच्या कानात नाव सांगायचं. मौलाना म्हणतात, हे कानात सांगणं किताबात कुठंच नाही, शेजारच्या आत्याबाईंचं पाहून तुम्ही उचललं. असेल. पण मान तो मान. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

भावानं फोनवर बजावलं, "आपा, अर्थवालं नाव पाह्यजे. दुल्हनच्या भावानं मोबाईलमधून चाळीस नावं काढून ठेवली, अर्थासकट. तुह्यं पटलं नाही तर त्यातलंच ठेवून टाकू."

दुल्हन म्हणजे त्याची बायको. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोला पोरं झाली तरी दुल्हनच म्हणतात. ती बी.ए. झालेली. मी सातवीत दिवाळीनंतर कापूस वेचायला गेले ती परत वर्गात बसलेच नाही. अर्थाशी माझा संबंध 'खालील शब्दांचे अर्थ लिहा' एवढाच, आणि तेही शेजारणीच्या वहीतून.

काळजीनं दोन दिवस मी बनियनांना बाह्या उलट्या जोडल्या. शेवटी शेजारच्या मशीनवरची, माझ्याच खोलीत राहणारी मैत्रीण वैतागली. ती मदरशात अरबी शिकलेली. तिनं एक नाव सांगितलं. नाव मी इथं लिहीत नाही. पोरगी आता शाळेत जाते, कुणाला सांगायचं ते तिचं ती ठरवेल. अर्थ मात्र सांगते. सातव्या आसमानावर, सगळ्यात शेवटी एक झाड आहे. त्याच्या पुढं फरिश्त्यालाही जायची परवानगी नाही. ते झाड म्हणजे हे नाव.

मी खूश. पण खात्री करायची माझी खोड. "कोणतं झाड?" मी विचारलं. तिनं गेटबाहेर टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीकडं बोट दाखवलं. टोपलीत बोरं होती.

आता शहाण्या बाईनं आसमानावरच थांबावं की नाही? सातव्या दिवशी आमच्या सुपरवायझर बाईंनी जेवणाच्या सुट्टीत माझा जमा करून घेतलेला फोन हातात दिला, वर दहा मिनिटं जास्त दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मैत्रीण डबा घेऊन शेजारी बसली. तिकडं फोन स्पीकरवर, सगळं घर गोळा झालेलं. मी नाव सांगितलं. "वा वा" झालं. आसमान सांगितलं. "माशाअल्लाह" झालं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आपली बोर."

"बोर?" भाऊ हसला. "वावराच्या धुऱ्यावरची? आत्ताच कुंपणाले तिच्या फांद्या तोडून आलो मी! हे पाह्य, हातात काटे. इतक्या दूर जाऊन बोरच भेटली तुले?"

"आपा, लिस्टमधे चांदणी हाये, मोती हाये," दुल्हन गोड आवाजात म्हणाली. गेला माझा मान, मला वाटलं.

तेवढ्यात अम्मी कडाडली. "काहून हसून राह्यला रे? कापूस वेचतानी तुही झोळी कायले बांधत होती मी? चांदणीले? साऱ्या वावरात सावलीले तेवढी एकच बोर होती. तुमी दोघंबी तिच्याखालीच वाढले."

"म्हणूनच मी इतका रडत होतो," भाऊ म्हणाला. "काटे टोचत होते." सगळे हसले. दुल्हनही हसली, पण नमली नाही. "बरं आपा, वरच्या बोरीले काटे असतात का?"

मला काय माहीत? मी हातानं खाणाखुणा करत मैत्रिणीला विचारलं. ती घास चावत म्हणाली, "जन्नतमधल्या बोरीला काटे नसतात. किताबात लिहिलंय."

मी ते जसंच्या तसं पोचवलं, किताबासकट. दुल्हन म्हणाली, "मग ठेवा हेच. पण पोरीले काटे पाह्यजेत बरं. हिले या घरात राह्याचं हाये."

त्या दिवसापासून मला दुल्हन आवडायला लागली.

स्पीकर बंद करून तिनं फोन बाळाच्या कानाला लावला. पलीकडून नुसता चुटूचुटू श्वास येत होता. मी नाव तीनदा सांगितलं. मग आणखी बरंच काही सांगितलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी सांगतच होते.

दुल्हननं फोन ओढून घेतला. "आपा, नाव तर दोनच अक्षरांचं हाये. इतका वेळ काय सांगून राह्यल्या तिले?"

"ते आमचं फुप्पी-भतीजीचं हाये," मी म्हटलं. "तुमचं काय काम?"