गाठी माझ्या, बिस्तरा गुलाबभाऊंचा

मी एक संसार मोडता मोडता राहिले. माझा नाही, तळमजल्यावरच्या शोभाअक्कांचा. आणि तोही तोंडातून एक शब्द न काढता, नुसत्या दोरीच्या गाठी मारून. हसा, पण चहाचा कप खाली ठेवून हसा.

झालं असं की ऐन मे महिन्यात नितीनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोक्यात तोरणमाळ शिरलं. "तिथे रात्री गोधडी लागते," तो म्हणाला. जळगावात त्या दिवशी नळाचं पाणी तसंच चहाला चाललं असतं. गोधडी या शब्दानेच मी विरघळले. मग कळलं की जायचं मोटरसायकलवरून.

आमची मोटरसायकल तुम्ही पाहिलेली आहे. म्हणजे अगदी तीच नाही, पण तिच्यासारखी. शंभर सीसीची, काळी, बाजूला लाल पट्टा. खानदेशात दर दुसऱ्या दारात एक उभी असते. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तिच्यावर आम्ही दोघं, चार वर्षांची ओवी आणि आमचं सामान. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा जार, गोधड्या, क्लचची जादा वायर, ऊन लागू नये म्हणून कांदे. आणि सगळ्यात महत्त्वाचा ओवीचा पंप. धूळ नाकात गेली की तिला दम लागतो. पंप, नळी, मास्क असं सगळं एका लाल पिशवीत. ती पिशवी मी आदल्या दिवशी किती वेळा उघडून पाहिली ते विचारू नका.

गाडीवर सामान कसं बांधावं याचे मी आठवडाभर व्हिडिओ पाहिले. जड खाली, हलकं वर, वाटेत लागणारं सगळ्यात वर. त्या व्हिडिओतल्या गाड्या आमच्या गाडीच्या तिप्पट होत्या आणि चालवणाऱ्यांना लेकरं नव्हती, पण गाठी मात्र मी शिकले. नितीन म्हणाला, "मी बांधतो ना."

"तू बांधलेली पिशवी मागे बोदवडच्या रस्त्यात पडली होती."

बांधाबांध माझ्याकडे आली.

आता तळमजल्याचं सांगते. गुलाबभाऊ आणि शोभाअक्का मूळचे पारोळ्याकडचे. भाऊ नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेत आणि त्यांना गावी शेतात जाऊन राहायचंय. अक्कांना राहायचं नाही. आमच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यावरून जे काही झालं ते सगळ्या बिल्डिंगने गॅस बारीक करून ऐकलं. शेवटी अक्कांचा आवाज आला, "इतलं गाव गोड लागस ना, मंग उद्या सकायमाच तुमना बिस्तरा बांधी देसू. जा निंघी."

भाऊ म्हणाले, "बांध."

आणि दार आपटलं. वर मी आणि नितीन तोंड दाबून हसलो. तेव्हा हसायला काय जात होतं!

ऊन तापायच्या आत पारोळा ओलांडायचं म्हणून मी पहाटेच सामान घेऊन खाली उतरले. पार्किंगमधला दिवा गेलेला. मोबाइलची बॅटरी दातात धरली आणि लागले कामाला. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून ताणून बांधल्या, वरून निळी ताडपत्री, तिच्यावर नायलॉनची दोरी. गुडघा टेकवून एकेक गाठ आवळली. आमच्या गाडीच्या टाकीवर ओवीने फुलपाखराचं स्टिकर लावलंय, ते बघायला हवं होतं का? हवं होतं. पण मी पिशव्या आधी टाकीवरच ठेवल्या होत्या. काम झालं, वर गेले, ओवीला उठवलं, तिने दुधाला अर्धा तास लावला. रात्री ती थोडी खोकली होती, म्हणून मी पंप द्यायचा ठरवलं आणि नितीनला म्हटलं, "गाडीवर वरच्याच थरात आहे, चल."

खाली आलो तर गाडी रिकामी.

"बांधलंस कुठे?" नितीनने विचारलं.

"इथे. याच गाडीवर."

"मग?"

मग काय, चोरी. दुसरं काय सुचणार? माझ्या डोळ्यांपुढे गोधड्या नाहीत, दशम्या नाहीत, फक्त ती लाल पिशवी. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही, पण शोभाअक्का हातात झाडू घेऊन बाहेर आल्या.

"काय व्हयनं वं बाई?"

"अक्का, चोर आले होते. बांधलेलं सामान सोडून नेलं सगळं."

नितीन गाडीभोवती फिरत होता. "पट्ट्या पण सोडून नेल्या? चोराला एवढा वेळ?"

अक्का मात्र आमच्या गाडीकडे बघत नव्हत्या. शेजारी भाऊंची तशीच काळी गाडी असते, त्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या. "हाई काय? हे च्या न पेताच गयात?" मग माझ्याकडे वळल्या. "कोणती गाडीवर बांधं तू?"

मी आमच्या टाकीवरच्या फुलपाखराकडे पाहिलं. बांधताना मला हे फुलपाखरू दिसलं नव्हतं. झाकलं गेलं होतं असं मी समजत होते. ते तिथे नव्हतंच.

पायऱ्यांवर आम्ही दोघी एकदमच बसलो. अक्कांच्या हातातला झाडू खाली पडला. "मी काल म्हणनू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बिस्तरा बांधी देसू."

आणि सकाळी बिस्तरा बांधलेला. ताडपत्रीसकट. भाऊ रोज गाडीवरून तलावावर फिरायला निघतात तसे बाहेर आले असतील, गाडी पाहिली असेल आणि किल्ली फिरवली असेल. अक्कांनी फोन लावला. वाजतोय, उचलत नाहीत. परत लावला. गाडीवर असतील. किंवा उचलायचा नसेल. मला त्या दोन्ही शक्यता सारख्याच भयंकर वाटत होत्या, कारण ओवी पुन्हा खोकली.

औषधाची दुकानं उघडायला अजून कितीतरी वेळ. नितीन म्हणाला, "भाऊ शेतावरच गेले असणार. आपल्या रस्त्यातच आहे. चल."

"अक्का, येता का?" मी विचारलं. कुठे बसवणार होते कोण जाणे.

अक्का उठल्या होत्या. चेहऱ्यावरचं भय जाऊन तिथे दुसरंच काहीतरी आलं होतं. "मी नही येवाव. गाठोडं देखं आन् निंघी गयात? दार वाजाडीसन एक शबद इचारना नही? त्यास्ले सांगजो, आते तठेच ऱ्हावा."

बघा, म्हणजे खरं कळल्यावर भांडण आणखी वाढलं होतं.

पारोळ्यापर्यंतचा तो रस्ता. ओवी आमच्या दोघांच्या मध्ये, तिच्या तोंडावर माझी ओढणी. पुढे ट्रक, ट्रकमागे धूळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत होते. हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू येतो, त्यामुळे कुणाचा मोजतेय ते कळेना. काळी गाडी दिसली की दर वेळी मी नितीनचा खांदा दाबायची. "ती बघ!" ती नसायची. एका माणसाला तर आम्ही थांबवलंच. त्याच्या मागे चाऱ्याची पेंढी होती.

एरंडोलपुढे ओवी म्हणाली, "मम्मी, छातीत शिट्टी वाजते." नितीनने गाडी पळवली. म्हणजे जितकी शंभर सीसीत पळते तितकी.

गुलाबभाऊंचं शेत पारोळ्याच्या अलीकडेच. कडुनिंबाखाली खाट, खाटेवर भाऊ. समोर त्यांची गाडी, आणि गाडीवर माझी निळी ताडपत्री जशीच्या तशी. भाऊ आम्हाला पाहून उठलेही नाहीत. मी "भाऊ" एवढंच म्हणाले आणि गाठींवर झेपावले.

गाठी सुटेनात.

नखं लावली, दात लावले. व्हिडिओतला तो मुलगा म्हणाला होता, ही गाठ घाटात हलत नाही. ती पारोळ्यातही हलत नव्हती. मी रडायलाच लागले. भाऊंनी शेतातल्या खोलीत जाऊन विळा आणला आणि माझ्या हातात दिला. दोरी कापली, पट्ट्या कापल्या, लाल पिशवी काढली. ओवीला पंप दिला. थोड्या वेळाने तिचा श्वास खाली बसला. तिने खिशातून स्टिकरचा कागद काढला आणि त्यात रमली. मग मी खाली मातीतच बसले.

भाऊ तुटलेल्या दोरीकडे बघत होते. "मीबी सोडी देखं," ते म्हणाले. "नही सुटनं. म्हनं, बाईनी कितला राग धरा व्हई. इतला वरीस संसार करा, आशी गाठ तिनी कधी मारी नही."

"भाऊ, गाठी माझ्या आहेत."

त्यांनी ताडपत्रीखालून डोकावणाऱ्या गुलाबी गोधडीकडे पाहिलं, कांद्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तिनी नही बांधा?"

"नाही. अंधारात गाडी चुकली माझी."

भाऊंनी खाली पडलेला विळा उचलला. मला वाटलं आता हा विळा माझ्यासाठीच आहे. तेवढ्यात नितीनने अक्कांना फोन लावला आणि आवाज मोठा करून खाटेवर ठेवला.

"पोर कशी शे?" अक्कांचा पहिला प्रश्न.

"बरी शे," भाऊ म्हणाले.

तिकडून अक्कांनी जाब विचारला: "तुम्ही इचारं काब्र नही?"

"तू काल सांगं व्हतं ना, बांधी देसू."

"मी जलमभर सांगी ऱ्हायनू. तुम्ही मनं कधी ऐकं? आजच काब्र ऐकं?"

भाऊंच्या खांद्याला आधी कंप आला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. फोनमधूनही नाक ओढल्याचा आवाज आला. "च्या मांडी ठेव," भाऊ म्हणाले, "मी येस."

नितीन आणि भाऊ हातपाय धुवायला विहिरीकडे गेले आणि मी ठरवलं, हे परत येईपर्यंत सामान बांधून तयार ठेवायचं. बाईने निदान एक काम तरी धड करावं. दोन्ही गाड्या झाडाखाली शेजारीशेजारी. या वेळी मी घाई केली नाही. आधी टाकी पाहिली. फुलपाखरू. पुन्हा पाहिलं, बोट फिरवून. फुलपाखरूच. मग भाऊंच्या खोलीतली सुती दोरी घेतली आणि जड खाली, हलकं वर, लाल पिशवी माझ्या गळ्यात. शेवटची गाठ गुडघा टेकवून आवळली.

भाऊ पंच्याने तोंड पुसत, हातात किल्ली घेऊन आले. गाडीपाशी थांबले.

"हाई कोनं बांधं?"

"मीच. आता चूक नाही भाऊ, हे बघा फुलपाखरू."

ओवीने कागदावरून मान वर केली. "मम्मी, ते मी भाऊआजोबांना दिलं. ते उदास होते ना."

मी शेजारच्या गाडीकडे पाहिलं. तिच्या टाकीवरही फुलपाखरू होतं, जरा मळलेलं.

गुलाबभाऊ ताडपत्रीकडे बघत राहिले. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, मी घर जाई ऱ्हायनू ना. आते तूबी मना बिस्तरा बांधा का?"

नितीनने विळा माझ्यापुढे धरला.